चार वाजता येते म्हणालीस

माझ्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते आणि बाहेरच्या खोलीत दोन बाया भांडत होत्या. घरात नवी आलेली सून म्हणजे भिंतीवरची पाल. तिला सगळं ऐकू येतं, पण तिला कोणी विचारत नाही.

एक आवाज माझ्या नणंदेचा, म्हणजे वन्संचा. दुसरा मास्तरणीचा. मास्तरीण ही वन्संची शाळेपासूनची मैत्रीण. मागच्या गल्लीत आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायची आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. दोघींचं इतकं गूळपीठ होतं की एकीला शिंक आली की दुसरी रुमाल काढायची. म्हणून मला आधी वाटलं, चेष्टा चाललीय.

"चार वाजता येते म्हणालीस," मास्तरीण म्हणाली.

"कोट झाला नव्हता गं."

"मी दार उघडं टाकून बसले होते."

"अर्धवट रफू घेऊन कशी येऊ? बाहीत सुई तशीच होती. मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तसला कोट आणून दिला असता तर तूच मला..."

"मला कोट नको होता!" मास्तरणीचा आवाज एकदम फाटला. "कोट काय करायचाय मला? मला तू हवी होतीस. आई दुपारपासून घरघरत होती. डॉक्टर बाहेरगावी. शेजारीपाजारी सगळे सुट्टीला गेलेले. म्हटलं, चारला ही येईल, मग आपण दोघी असू. पाच वाजले. सहा वाजले. सहा वाजून वीस मिनिटांनी ती गेली. मी एकटी होते. दार तसंच उघडं."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"निरोप तरी पाठवायचास," वन्सं हळूच म्हणाल्या.

"निरोप कशाला हवा? येते म्हणालं की यायचं असतं."

टेबलावर कागद ठेवल्याचा आवाज आला. नंतर बघितली, ती लाँड्रीची पावती होती, सदुसष्ट नंबरची. "ठेव तो कोट तुझ्याकडेच," मास्तरीण म्हणाली आणि निघून गेली. दार आपटलंसुद्धा नाही. तसंच उघडं टाकून गेली. वन्सं ते लावायला उठल्या नाहीत. खोली पार गारठली तेव्हा शेवटी मीच जाऊन लावलं.

त्यानंतर शेहेचाळीस वर्षं त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. रस्त्यात समोरासमोर आल्या तर मास्तरीण पलीकडच्या फुटपाथवर जायची. मी कितीदा म्हटलं, "वन्सं, तुम्हीच जा की एकदा." त्या म्हणायच्या, "दुखावलेल्या माणसाच्या दारात बोलावल्याशिवाय जाऊ नये, वहिनी. ती बोलावेल तेव्हा जाईन." मास्तरीण कसली बोलावते! गणिताची बाई ती. तिच्या वहीत एकदा चूक म्हणून फुली बसली की बसली.

आता वन्संबद्धच सांगते, कारण ही गोष्ट त्यांची आहे.

त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "कुणी धड मापाचा मिळाला नाही." चौकातल्या लाँड्रीत काचेमागे बसून त्या रफू करायच्या. एकोणिसाव्या वर्षी त्या खुर्चीत बसल्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत उठल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. बाही ताणून धरायला आत एक जळका बल्ब सरकवायच्या. धागा बाजारचा घ्यायच्या नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढायचा आणि भिंगातून बघत भोक विणून बंद करायचं. म्हणायच्या, "परका धागा पहिल्या धुण्यालाच चुगली करतो." काम झालं की कपडा उजेडात धरून गिऱ्हाइकाला विचारायच्या, "दाखवा कुठं होतं ते." गिऱ्हाइकाला सापडलं तर पैसे घ्यायच्या नाहीत. माझ्या माहितीत असं दोनदाच झालं, आणि त्यातलं एक गिऱ्हाईक मीच होते. मला आधीच माहीत होतं कुठं फाटलं होतं ते.

माणसं त्यांना चेहऱ्यानं कमी आणि भोकानं जास्त ओळखू यायची. रस्त्यात कुणी नमस्कार केला की कुजबुजायच्या, "उजवं कोपर, राखाडी लोकर." आमच्या ह्यांना त्याची भारी गंमत वाटायची. "अक्का, मी कोण?" ते विचारायचे. "डावा खिसा. सिगारेटचं भोक. बाळ्या, अजून ओढतोस तू." सत्तरी उलटली तरी हे त्यांचे बाळ्याच होते.

थंडीतल्या मोठ्या सुट्टीच्या आधी त्यांची खरी घाई. चार जुनी घरं होती, तिथले रफू केलेले कपडे त्या स्वतः नेऊन द्यायच्या. कागदात गुंडाळून, वर सुतळीची गाठ. प्रत्येक घरी बसायच्या, चहा घ्यायच्या, मुलांचे कान ओढायच्या आणि निघताना सुतळी परत मागून घ्यायच्या. वर्षभर बोटांना तिची गुंडाळी करून खिशात असायची. त्यांचं जे काही येणंजाणं होतं ते एवढंच. त्या भांडणानंतर "येते" म्हणून त्या गेल्या नाहीत असं एकदाही झालं नाही. अंगात ताप असला तरी गेल्या. एकदा पाय मुरगळला तर ओळखीच्या बस कंडक्टरच्या खांद्यावर हात टाकून गेल्या. फक्त एक होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी चार ते पाच त्या कुठलंच घर धरायच्या नाहीत. साडेतीनपर्यंत तीन घरं, पाचनंतर चौथं. मधला तास आमच्या खिडकीशी हातावर हात ठेवून बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "पाय दुखतात."

आमचं घर सगळ्यांत शेवटी. ह्यांचं जे काही फाटलं असेल ते ऐन सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला हातात पडायचं. एकाच घरात राहत होतो, तरी त्या बाहेरून यायच्या, बेल वाजवायच्या, आधी दोनदा, मग थांबून एकदा. "गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक," म्हणायच्या.

मग ते साथीचं वर्ष आलं.

ते वर्ष सगळ्यांनी पाहिलंय, नव्यानं काय सांगू. पण आमच्या रस्त्यावर जे विचित्र होतं ते असं, की आवाज उरले आणि माणसं गेली. कुठंतरी बंद खिडकीमागे रेडिओ चालू असायचा. जिन्यात पावलं वाजायची आणि दार उघडून पाहावं तर कुणी नाही. भेटणारा प्रत्येक जण नाकातोंडावर फडकं बांधलेला, त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच कळायचं नाही. शेजारीण बोलायची आणि मला वाटायचं, भिंतच बोलतेय.

सगळ्यांत वाईट लाँड्री. लोकांनी थंडीचे कोट धुवायला टाकले होते, न्यायला कुणी आलंच नाही. काही येणार नव्हते ते सगळ्यांनाच माहीत होतं, तरी लाँड्रीवाला नावं खोडत नव्हता. छताखालच्या लांब दांडीवर साठ-सत्तर कोट, प्रत्येकाच्या खांद्यावर पातळ कागद. दार उघडलं की वारा आत यायचा आणि ते सगळे कागद एकदम वर व्हायचे, मग हळूच खाली बसायचे. अगदी छाती वरखाली व्हावी तसे. मी डबा द्यायला जायची तर दारातूनच परत फिरायची.

"वहिनी, आत या की," लाँड्रीवाला म्हणायचा. "गर्दी आहे, पण कुणी चावत नाही."

"तुमची गर्दी तुम्हालाच लखलाभ," मी म्हणायची.

वन्सं त्या कोटांच्या खाली बसून सुई चालवायच्या. दांडीच्या अगदी टोकाला, भिंतीला टेकून, सदुसष्ट नंबरचा कोट होता. गडद हिरवा. शेहेचाळीस वर्षं तिथंच.

आमच्या घरात मोठी काळजी होती ती ह्यांची. ह्यांचं एक फुफ्फुस तरुणपणीच गेलेलं. उरलेलं बापडं कसंबसं दोघांचं काम करायचं. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं. "आजी, ह्यांना ती बाधा झाली तर मी काही करू शकणार नाही. घरात बाहेरून कुणाला आणू नका आणि घरातल्यांनी बाहेरून काही आणू नये." घरातून बाहेर जाणारं माणूस एकच होतं.

सुट्टीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. टेबलावर चार पुडकी. प्रत्येक पुडक्याला लाँड्रीचा कापडी बिल्ला टाचणीनं लावलेला.

"सरकार म्हणतं दोन घरं चालतील," हे म्हणाले. बोलताना मध्ये मध्ये दम घ्यावा लागायचा. "डॉक्टर म्हणतो एकही नको. मी म्हणतो, अक्का, एक घर निवड आणि माझा जीव सोड."

"बँडवाल्यांकडे गेलंच पाहिजे," वन्सं म्हणाल्या. बँडवाले म्हणजे निवृत्त झालेले कॉर्नेटवादक, वरातीचा लाल कोट अजून दर वर्षी रफू करून घेत. "एकटे असतात."

"एकटे असतात म्हणूनच वाचलेत. पुढचं."

"जुळ्या बहिणी."

"दोघी मिळून एकशे साठ वर्षांच्या. तूच त्यांना मारशील. पुढचं."

"औषधवालीबाई."

"तिच्या दुकानात अख्खं गाव खोकतं. पुढचं."

"कंडक्टर." वन्संचा चेहरा जरा उजळला. कंडक्टरच्या घरी नातवंडांची पलटण होती. ती आत्याआजी आली म्हणून जिन्यातच अंगावर उड्या मारायची.

"तिथं नऊ पोरं आहेत!" ह्यांना ठसकाच लागला. मी पाठ चोळली. वन्सं भावाकडे बघत राहिल्या. ठसका थांबेपर्यंत बघत होत्या. मग उठल्या आणि फोनापाशी गेल्या.

"सगळ्यांना नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "पुडकी दारात ठेवीन नि लांबून हात करीन. नाही येत म्हणून सांगणं, म्हणजे शब्द मोडणं नव्हे. हो की नाही गं वहिनी?"

"नव्हेच मुळी," मी म्हटलं.

बँडवाले फोनवर म्हणाले, "ताई, मी म्हणणारच होतो, पण तोंड धजेना." जुळ्या बहिणींपैकी एक म्हणाली, "हिलाच भीती वाटत होती," आणि मागून दुसरी ओरडली, "खोटं! हिलाच!" औषधवालीबाईनं तर इतका मोठा सुस्कारा सोडला की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. कंडक्टर म्हणाला, "घरात दोघांना ताप आहे आत्या, तुम्हाला कसं सांगू तेच कळत नव्हतं."

प्रत्येक फोननंतर वन्सं त्या पुडक्याची टाचणी काढायच्या नि बिल्ला डब्यात टाकायच्या. चौथा बिल्ला टाकला तेव्हा त्या हसल्या. "सगळ्यांना हायसं वाटलं बघ. मी उगाच समजत होते, माझ्यावाचून कुणाची सुट्टी अडेल."

त्या अजून फोनापाशीच होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

आमचा फोन जुना, त्यातला आवाज खोलीभर पाझरायचा. मी दारातच उभी होते. पलीकडे आधी नुसता श्वास. मग फडक्याआडून आल्यासारखा आवाज. तेव्हा सगळेच तसे बोलायचे, म्हणून मी त्यात काही विशेष धरलं नाही. आवाज बाईचा होता. एवढंच म्हणाली:

"चार वाजता येतेस ना?"

वन्संनी डोळे मिटले. "येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"कोण हो?" मी विचारलं.

"मास्तरीण."

मास्तरीण सात वर्षांपूर्वी लांब कुठंतरी भाच्याकडे राहायला गेली होती आणि तिकडेच वारली असं आम्ही ऐकलं होतं. पेपरवाल्यानं सांगितलं होतं, त्याला कुणी सांगितलं ते त्यालाही आठवत नव्हतं. तिचं घर मात्र तेव्हापासून बंदच होतं. मी हे सगळं बोलून दाखवलं.

"ऐकीव आहे," वन्सं म्हणाल्या.

"अहो पण सात वर्षं!"

"तुला आवाज ऐकू आला ना?"

आला होता. मी कानावर हात ठेवून नाही म्हणू शकत नव्हते.

हे खुर्चीतून ओरडले, म्हणजे त्यांना जमलं तेवढं ओरडले. "एका मेलेल्या बाईसाठी तू माझ्या घरात रोग आणणार?"

वन्सं शांतपणे त्यांच्यासमोर बसल्या. "बाळ्या, ऐक. मेली असेल तर तिच्याकडून रोग लागायचा नाही. जिवंत असेल तर गेलंच पाहिजे. आणि तुझं म्हणशील तर, तुझ्या घरात मी काही आणणारच नाही. मी येणारच नाही."

"म्हणजे?"

"एक घर कमी करायला सांगतोस ना? केलं. हेच कमी केलं. लाँड्रीच्या माळ्यावर पंधरा दिवस राहते. तिथं बिछाना आहे, शेगडी आहे. आणि सोबत आहे सत्तर जणांची."

आम्ही चार पुडक्यांची वजाबाकी करत बसलो होतो आणि ह्या बाईनं पाचवंच वजा केलं होतं. हे रागानं भिंतीकडे तोंड करून बसले. वन्संनी पिशवीत दोन साड्या भरल्या, भिंग, बल्ब घेतला आणि जाताना दार नीट ओढून लावून घेतलं. त्या भांडणापासून त्यांनी कुठलंच दार कधी उघडं सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. वन्संनी हिरवा कोट दांडीवरून उतरवून मांडीवर घेतला होता. बाहीतलं भोक अर्धं विणलेलं, आणि धाग्याच्या टोकाला सुई तशीच टोचलेली.

"हे बघ," त्या म्हणाल्या.

लाँड्रीत रात्रंदिवस वाफ. एरवी सुई तिथं महिनाभर राहिली तर तांबडी होते. ती सुई मात्र लखलखत होती. मी बघितली, लाँड्रीवाल्यानं बघितली. तो एरवी तोंडाला कुलूप न लावणारा माणूस, पण पाठमोरा होऊन इस्त्री करू लागला. वन्संनी तीच सुई धरली आणि मधे शेहेचाळीस वर्षं गेलीच नाहीत अशा थाटात पुढचा टाका घेतला.

साडेतीन वाजता त्या निघाल्या. मी काही त्यांना एकटं सोडणार नव्हते. पलीकडच्या फुटपाथवरून, वीस पावलं मागून चालत राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. मागच्या गल्लीत सगळी दुकानं बंद, आणि दर खिडकीत पडद्याला बोटभर फट. कुणी बघतंय की पडदाच तसा आहे, कळत नव्हतं.

मास्तरणीच्या घराच्या खिडक्यांवर फळ्या होत्या. पत्रपेटी जाहिरातींच्या कागदांनी फुगून गेलेली. पण पायरी झाडलेली होती. आजूबाजूच्या पायऱ्यांवर पाचोळा, आणि ही एकच स्वच्छ. आणि दार उघडं होतं. सताड नव्हे, कुणीतरी येणार असेल तेव्हा ठेवतात तेवढं.

वन्संनी बेल वाजवली, आधी दोनदा, मग थांबून एकदा. पुडकं पायरीवर ठेवून चार पावलं मागे सरल्या, नियम होता तसा. थांबल्या. मी पलीकडून हाक मारणार होते, "पुरे झालं वन्सं, चला." तेवढ्यात त्यांनी आतल्या कुणाचं तरी ऐकावं तशी मान वाकडी केली, पुडकं उचललं आणि आत गेल्या.

मी खांबाला धरून उभी राहिले. आत जाऊ की नको? आत माणूस असेल तर रोग, नसेल तर त्याहून वाईट. मी भित्री आहे, हे लपवून काय उपयोग. मी तिथंच उभी राहिले. एक कप चहा प्यायला जेवढा वेळ लागतो, वर गप्पा रंगायला जेवढा, तेवढा वेळ गेला.

वन्सं बाहेर आल्या. हातात कोट नव्हता. सुतळी बोटांना गुंडाळत होत्या.

"कोण होतं?" मी रस्त्यापलीकडून विचारलं.

"बसलो दोघी," त्या म्हणाल्या.

"अहो, कोण दोघी? बोलली काय ती?"

"कोट उजेडाला धरला. म्हटलं, दाखव कुठं होतं ते. नाही सापडलं तिला." चालता चालता पुढं म्हणाल्या, "चहा गार होता. पण तिचा चहा नेहमीच गार. गप्पांच्या नादात ठेवून द्यायची."

मी वळून बघितलं. दार लागलेलं होतं. लागल्याचा आवाज मला ऐकू आला नव्हता, आणि त्या गल्लीत तेव्हा पान पडलं तरी ऐकू आलं असतं.

नवव्या दिवशी वन्संना ताप आला. लाँड्रीवाल्यानंच गाडी बोलावली. त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या म्हणे, आणि काचेमागची खुर्ची टेबलाखाली सरकवून मगच गाडीत बसल्या. सहा दिवसांनी गेल्या. आम्हाला जाऊ दिलं नाही. हे त्या दिवसापासून साडेतीन वर्षं जगले, एका फुफ्फुसावर. आमच्या घरात त्या वर्षी कुणाला साधी शिंक आली नाही.

दवाखान्यातून एक मुलगी आली होती, वही घेऊन. रोगी कुणाकुणाला भेटला ते लिहून घ्यायची, मग त्या घरी जाऊन तपासायची, ते तिचं काम. वन्संनी तिला तापात एकच घर सांगितलं होतं. ती आमच्या दारात लांब उभी राहून म्हणाली, "आजी, त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. कडीला कुलूप आहे, गंजून एकजीव झालंय. चुकून दुसरं घर सांगितलं असेल का?"

"पायरी कशी आहे हो तिथली?" मी विचारलं.

"पायरी?" तिनं वहीतून मान वर केली. "स्वच्छ होती. का हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "लिहा, कुणी नाही म्हणून."

तिनं लिहिलं. मग वन्संना रोग कुठून लागला? लाँड्रीच्या गिऱ्हाइकांकडून लागला असेल. दांडीवरच्या कोटांतून लागला असेल. मी पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. लाँड्रीवाल्यानं दांडी रिकामी केली तेव्हा मी सदुसष्टचा हुक बघून आले. नुसताच लोंबत होता. दार उघडलं तरी हलला नाही.

एक सांगायचं राहिलं. ताप यायच्या आधीचं, ऐन सुट्टीच्या दिवसाचं.

दुपारी चारला बेल वाजली, आधी दोनदा, मग थांबून एकदा. मी दार उघडलं तर पायरीवर पुडकं, आणि वन्सं रस्त्यापलीकडे खांबाशी उभ्या. मी पुडकं वर आणलं. ह्यांचा राखाडी स्वेटर होता, कोपर घासून गेलेला. ह्यांनी दोन दिवसांत बहिणीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, पण स्वेटर घातला, खिडकी उघडली आणि बाहेर वाकले.

"अक्का, वर ये!"

"नाही."

"चहा तरी घे. मी तिकडे खोलीत दार लावून बसतो."

"तेरा दिवस राहिलेत माझे. वळ बघू. कोपर दाखव."

हे वळले. खिडकीतून कोपर बाहेर काढून दाखवलं, लहान मुलासारखं.

"दिसतंय का कुठं होतं ते?" त्यांनी खालून विचारलं.

ह्यांनी कोपर डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ शोधलं. "नाही," म्हणाले. आवाज जरा ओला होता.

"मग झालं तर. सिगारेट ओढू नकोस. आणि वहिनी, माझी सुतळी!"

मी सुतळीची गुंडाळी करून खिडकीतून टाकली. ती रस्त्याच्या मधोमध पडली. वन्सं फुटपाथवरून उतरल्या, दोन्ही बाजूंना बघितलं, येत तर काहीच नव्हतं, तरी बघितलं. वाकून सुतळी उचलली, झटकली, बोटांना गुंडाळून खिशात घातली आणि लाँड्रीच्या दिशेनं चालू लागल्या.